नेपाळच्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून जायचंय? मग या क्रमाने चला

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, जेवणात डाळ-भात असतो आणि भाडंही आवाक्यातलं असतं. त्यामुळे "परदेशात जाऊन अनाथ मुलांसाठी काहीतरी करू" असं ज्यांच्या मनात येतं, त्यांच्यापैकी बऱ्याच मराठी मुलामुलींचं बोट नकाशावर काठमांडूवरच येऊन थांबतं. मी तिथल्या एका बालगृहात राहून काम केलंय. तेव्हापासून ओळखीच्या-अनोळखी लोकांचे फोन येतात आणि प्रत्येकाला तेच सांगत बसते. तेच इथे ओळीने लिहिते. पहिली पायरी वाचून तुमचा बेत बदलला तर मला वाईट वाटणार नाही.

१. "अनाथ" या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका

तिकीट, कपडे, लस हे सगळं नंतर. आधी ही मुलं तिथे आली कशी, ते समजून घ्या.

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या काळात माओवादी आणि सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष चालला. हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत तेव्हा दलाल फिरायचे. "माओवादी पोराला ओढून नेतील, त्यापेक्षा आमच्याबरोबर काठमांडूला पाठवा, चांगल्या शाळेत घालतो," असं आईबापांना सांगायचं, त्यासाठी त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे आणि मूल राजधानीतल्या एखाद्या बालगृहात नेऊन सोडायचं. कागदोपत्री आईवडील मेलेले. कित्येक आईबापांनी जमीन-जनावरं विकून हे पैसे उभे केले होते.

संघर्ष संपला, पण धंदा संपला नाही. बालगृह पाहायला येणारे परदेशी पाहुणे पैसे देतात हे चालकांना कळलं होतं. आजही बहुसंख्य बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येतं तो कास्की, अशा मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. गरिबी सर्वांत जास्त आहे तिथे नाहीत, पर्यटक उतरतो तिथे आहेत. युनिसेफने दिलेल्या आकड्यानुसार नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. कागदपत्रांचा घोळ इतका होता की २०१० मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळमधून "बेवारस सापडलेली" म्हणून दाखवलेल्या मुलांचं दत्तक घेणं थांबवलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर गावांतून मुलं पुन्हा पळवली जातील ही भीती सरकारलाही वाटली आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली.

दुसरी गोष्ट मुलाच्या मनाची. तुम्ही दारात पाऊल टाकताच चार वर्षांचं मूल धावत येऊन गळ्यात पडतं, मांडीवर बसतं, आणि तुम्हाला भरून येतं. पण घरात नीट वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी माणसाला पाहून आईमागे लपतं. दिसेल त्याच्या गळ्यात पडणं ही बालमानसतज्ज्ञांच्या दृष्टीने काळजीची खूण आहे. माणसं सारखी येतात आणि जातात, हे त्या मुलाने पचवलेलं असतं. तीन आठवडे जीव लावून निघून जाणारा स्वयंसेवक त्या जाणाऱ्यांत आणखी एकाची भर घालतो.

नेपाळच्या २०१८ च्या बालबालिकासंबंधी कायद्यातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला आहे. आधी आईवडील, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि कुठेच सोय होत नसेल तरच बालगृह. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी बालगृहांसाठी होणारी मुलांची वाहतूक हा गुलामगिरीचाच प्रकार असल्याचं मान्य केलं. तेव्हा "नुसतं खेळायला, शिकवायला जातोय" हे वाटतं तितकं निरुपद्रवी नसतं.

२. मग जायचं तर कशासाठी?

मुलांना थेट सांभाळायला नाही. ते काम तिथल्या पगारी, नेपाळी बोलणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या माणसांचं आहे. तुमचा उपयोग त्या माणसांना व्हायला हवा.

माझ्या पाहण्यात खरोखर उपयोगी ठरलेले लोक साधे होते. एका निवृत्त लेखापालाने संस्थेचे हिशेब संगणकावर घालून दिले. फिजिओथेरपिस्ट असलेल्या एका बाईंनी अपंग मुलाचे व्यायाम स्वतः न करता तिथल्या दिदींना, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना, शिकवले. प्लंबिंग, वायरिंग, इंग्रजीत प्रकल्प-प्रस्ताव लिहिणं, शिक्षकांना गणिताची साधनं करून दाखवणं, मुलांना घरी परत पाठवणाऱ्या गटासाठी नोंदी नीट ठेवणं, ही सगळी अशीच कामं. तुम्ही निघून आल्यावरही ती मागे टिकतात.

बारावी झाली, सुट्टी आहे, "कौशल्य असं काही नाही, पण मुलं खूप आवडतात" असं असेल तर आत्ता जाऊ नका. आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा की जवळच्या नोंदणीकृत बालगृहात नियमित मदत करता येईल का. दर रविवारी, वर्षभर, न चुकता. ज्याला हे जमत नाही त्याला काठमांडूत जमेल असं मला वाटत नाही. शिवाय ज्यांना हे जमलं त्यांच्या अर्जाकडे चांगली संस्था नक्की लक्ष देते.

मुदतीचं म्हणाल तर मुलांशी रोजचा संबंध येणार असेल तर तीन महिन्यांच्या आत काही अर्थ नाही. कार्यालयीन किंवा तांत्रिक काम असेल तर दोन-तीन आठवडेही पुरतात.

३. संस्था तपासा, या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या

काठमांडूतल्या ठमेल या पर्यटकवस्तीच्या गल्ल्यांत आणि इंटरनेटवर "बालगृह अनुभव" विकणारे दलाल भरपूर आहेत. चकचकीत संकेतस्थळावर हसऱ्या मुलांचे फोटो असतात आणि पैसे भरले की दुसऱ्या दिवशी होकार येतो. इतक्या झटपट होकार देणारी संस्था मुलांच्या खोलीत आणखी कोणाकोणाला सोडत असेल, याचा विचार करा.

ईमेलवर आणि मग व्हिडिओ कॉलवर हे प्रश्न विचारा. उत्तरांइतकंच बोलण्याच्या सुराकडेही लक्ष द्या.

*नोंदणी कुठे आहे?* नेपाळमध्ये स्वयंसेवी संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदवल्या जातात आणि परदेशी मदत घेणाऱ्या संस्था समाज कल्याण परिषदेशी संलग्न असतात. बालगृह असेल तर स्थानिक पालिकेला आणि राष्ट्रिय बाल अधिकार परिषदेला त्याची माहिती असायला हवी. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचं नूतनीकरणाचं वर्ष पाहा. ते विक्रम संवतात असतं, त्यातून ५७ वजा केले की साधारण आपलं इसवी सन मिळतं.

*दसैंला मुलं कुठे जातात?* माझ्या मते हा सगळ्यात कामाचा प्रश्न. दसैं म्हणजे तिथला दसरा, नेपाळचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत सगळा देश टिका लावून घ्यायला वडीलधाऱ्यांकडे घरी जातो. चांगली संस्था सांगते, "बरीचशी मुलं मामाकडे, आजीकडे जातात, दोघांचं अजून कोणी सापडलं नाही, त्यांना अमुक घरी नेतो." वाईट संस्था सांगते, "इथेच असतात, परदेशी पाहुण्यांबरोबर साजरा करतात, तुम्हीही या!"

*गेल्या काही वर्षांत किती मुलं घरी परत गेली?* आकडा लहान असला तरी चालेल, पण तो त्यांना सांगता आला पाहिजे. नेक्स्ट जनरेशन नेपाळसारख्या संस्थांनी मुलांची कुटुंबं शोधण्याचं काम अनेक वर्षं केलंय, दोन-दोन दिवस पायी चालून गावं गाठली आहेत. म्हणजे हे अशक्य नाही.

*माझी कोणती तपासणी करणार?* पोलिसांचं प्रमाणपत्र, दोन ओळखपत्रं, मुलाखत, बालसंरक्षण धोरणावर सही यांतलं काहीच मागत नसतील तर तिथेच थांबा.

*पैसे कशाचे?* राहण्या-जेवणाचे पैसे घेणं योग्यच आहे, फुकट्या पाहुण्याचा भार संस्थेवर कशाला? पण मोठी "नोंदणी फी" आणि तिचा हिशेब नाही, हे चालणार नाही.

आणखी काही खुणा आहेत. पर्यटकांना वाटेत थांबून मुलं "बघायला" बोलावतात. मुलं पाहुण्यांसमोर नाच करतात. मुलांची करुण कहाणी नावासकट सांगितली जाते. मालकाची स्वतःची मुलं खासगी इंग्रजी शाळेत आणि बालगृहातली मुलं फाटक्या स्वेटरमध्ये. यातलं काही दिसलं तर दुसरी संस्था शोधा. मुलं मुद्दाम मळकी ठेवली की देणगी वाढते, हे ऐकायला भयंकर वाटतं, पण अशी उदाहरणं नेपाळमध्ये आणि कंबोडियातही नोंदली गेली आहेत.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. विमानाने जाताना या दोनपैकी एक मूळ प्रत हवीच. प्रौढांना नेपाळ प्रवासासाठी आधार कार्ड चालत नाही. ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या व्यक्तींनाच चालतं. विमानतळावर यावरून रडारड झालेली मी पाहिली आहे.
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करता येतो, मग आपल्या पोलीस ठाण्यात पडताळणी होते. निघण्याच्या महिनाभर आधी सुरुवात करा.
- संस्थेचं निमंत्रणपत्र, त्यात कामाचं स्वरूप, तारखा आणि जबाबदार व्यक्तीचं नाव.
- शिक्षणाची, कामाची प्रमाणपत्रं आणि दोन माणसांची शिफारसपत्रं. त्यातलं एक मुलांबरोबर केलेल्या कामाचं असावं.
- प्रवास विमा. दुचाकी आणि ट्रेकिंग त्यात धरलंय का ते वाचून घ्या, सुट्टीत तुम्ही डोंगरावर जाणारच.
- पासपोर्ट आकाराचे फोटो, जरा जास्तच. सिमकार्डालाही लागतात.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. तुमच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी नेपाळसाठी तुम्ही परदेशीच, व्हिसा लागतो. तो काठमांडू विमानतळावर मिळतो, पण तो पर्यटक व्हिसा असतो, आणि पर्यटक व्हिसावर पगारी काय, बिनपगारी कामही करायला परवानगी नाही. "सगळे असेच करतात" असं एजंट सांगेल. पकडलं गेल्यावर दंड तुम्हाला होणार, एजंटाला नाही. संस्थेकडून योग्य प्रकारच्या व्हिसाची सोय होते का, ते आधी विचारा. भारतीय पासपोर्टधारकांना १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ही अडचण नाही. तरीही तुमच्या येण्याची खबर पालिकेच्या बालकल्याण अधिकाऱ्याला दिली आहे ना, हे संस्थेला विचाराच.

५. लस, औषधं, पैसे

टायफॉइड, हिपॅटायटिस अ आणि ब, धनुर्वात या लशींबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. काठमांडूत भटकी कुत्री खूप आहेत, म्हणून रेबीजची लस आधीच घेणं शहाणपणाचं. कुत्रं चावलंच तर जखम साबणाने भरपूर वेळ धुवा आणि टेकूच्या शुक्रराज रुग्णालयात जा, तिथे रेबीजची लस मिळते. काठमांडू साधारण १,४०० मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास होत नाही. थंडी मात्र बोचते, कारण घरं तापवण्याची सोय नसते. पौष-माघात जात असाल तर आतून घालायचे गरम कपडे दोन जोड न्या. पाणी जारचंच प्या.

१०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे "आज चांगला भाव देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे नियम बदलत आले आहेत, निघण्याच्या आठवड्यात बँकेत खात्री करा आणि १०० च्या नोटा जवळ ठेवा. अलीकडे काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

६. प्रवास

विमान सोपं. स्वस्तात जायचं तर मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सोनौली, चालत सीमा ओलांडून भैरहवा आणि तिथून काठमांडूची बस. रात्रीच्या बसने जाऊ नका. जून ते सप्टेंबर तर नारायणगढ ते मुग्लिन या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्या दिवसांत विमानाचे पैसे वाचवण्याच्या मोहात पडू नका. पश्चिमेकडून येणाऱ्या बस कलंकी चौकातून शहरात शिरतात. संस्थेचा माणूस तिथे घ्यायला येईल असं ठरवून घ्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. पोहोचल्यावर लैनचौरच्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये घाला. सुट्टीचा दिवस शनिवार असतो, रविवारी बँक बंद असेल असं धरून बसू नका.

७. आत गेल्यावर

पहिला आठवडा फक्त बघा. कोण कधी उठतं, स्वयंपाकघरात कोणाचं चालतं, कोणत्या मुलाला कोणती दिदी लागते. स्वयंपाकघरात हात लावण्याआधी विचारा, काही घरांत चुलीजवळ बाहेरच्याने जाणं आवडत नाही. डाळ-भात-तरकारी दिवसातून दोनदा, सकाळचं जेवण शाळेच्या आधी. वाढणाऱ्या दिदीला "पुग्यो" (पुरे) म्हटलं की ती थांबते, हा शब्द पहिल्या दिवशीच शिका.

मुलं तुमच्याशी हिंदी बोलतील, टीव्हीमुळे येतेच. पण तुम्ही नेपाळी शिका, निदान मोडकीतोडकी. भारतातून येऊन हिंदीत हुकूम सोडणाऱ्यांबद्दल तिथे एक जुनी नाराजी आहे आणि ती अगदीच विनाकारण नाही. मोठ्यांना "दाइ" (दादा), "दिदी" म्हणा, मुलंही तुम्हाला तेच म्हणतील. "आई-बाबा" म्हणू देऊ नका, कितीही गोड वाटलं तरी.

न मोडण्याचे नियम थोडेच आहेत. मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही. आंघोळ घालणं, कपडे बदलणं तुमचं काम नाही. मूल जवळ आलं तर झिडकारू नका, पण मांडीवर ओढून घेऊ नका, त्याला त्याच्या दिदीकडे वळवा. "तुझे आईवडील कसे गेले?" हा प्रश्न कधीही विचारू नका. चॉकलेटं, खेळणी, नवे बूट असं एकाच मुलाला काही दिलं की रात्री भांडणं होतात आणि ती सोडवायला तुम्ही नसता. द्यायचंच तर गृहप्रमुखांच्या हाती द्या. सुट्टीच्या दिवशी एखाद्या मुलाला बाहेर फिरवायला नेणं, "माझ्या हॉटेलवर एक रात्र राहू दे" असं म्हणणं, हे चांगली संस्था होऊ देत नाही. दुसरी संस्था होऊ देत असेल तर पुढची पायरी वाचा.

फोटो: चेहरा, नाव, शाळेचा गणवेश, इमारतीची पाटी, काहीही नको. मुलाची गोपनीयता जपणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. एक सोपी कसोटी वापरा. आपल्या भाच्याचा असाच फोटो, "बिचारा" अशा ओळीसकट, एखाद्या परदेशी माणसाने टाकलेला चालला असता का?

८. काही खटकलं तर

मारहाण, उपासमार, मुलांकडून हॉटेलात किंवा मालकाच्या घरी काम करून घेणं, अचानक नवी मुलं येणं किंवा कोणी मूल नाहीसं होणं दिसलं तर मालकाशी वाद घालत बसू नका. पुरावे लपवले जातात आणि शिक्षा मुलांना होते. तारीख, वेळ, काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे वेगवेगळं लिहून ठेवा. मुलांची उलटतपासणी घेऊ नका. नेपाळची बाल हेल्पलाइन १०९८ आहे. आपल्याकडे १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाइनचाही हाच क्रमांक, त्यामुळे लक्षात राहतो. नेपाळमध्ये या हेल्पलाइनच्या कामात सिविनसारखी १९८७ पासून बालहक्कांवर काम करणारी संस्था आहे. राष्ट्रिय बाल अधिकार परिषदेकडेही तक्रार करता येते. तक्रार केल्यावर त्या घरात मुक्कामाला राहू नका.

मुलांना घेऊन स्वतःच "सुटका" करायला निघू नका. सीमेजवळ नेपाळी मूल घेऊन चाललेला भारतीय माणूस दिसला की त्याला अडवतात, आणि ते बरोबरच आहे.

९. निघण्याची तयारी पहिल्या दिवसापासून

तुम्ही कधी जाणार हे मुलांना सुरुवातीलाच माहीत हवं. भिंतीवरच्या नेपाळी दिनदर्शिकेवर तारीख दाखवून ठेवा. शेवटच्या आठवड्यात हातातलं काम ज्या कर्मचाऱ्याला द्यायचं त्याला ते एकदा तुमच्यासमोर करू द्या. पासवर्ड, फायली, किल्ल्या लिहून द्या. "मी परत येईन" असं तिकीट हातात नसताना म्हणू नका. मोठ्या मुलांनी समाजमाध्यमांवर मैत्रीची विनंती पाठवली तर संस्थेचं धोरण काय आहे ते त्यांना सांगा आणि तेच पाळा.

परत आल्यावर पैसे गोळा करावेसे वाटतील. करा, पण नवी खोली बांधण्यासाठी नको. खोल्या वाढल्या की त्या भरायला मुलं आणली जातात. घरी परत गेलेल्या मुलाची शाळेची फी, त्याच्या आईला शेळ्या किंवा शिलाई यंत्र, गावोगाव फिरणाऱ्या समाजसेविकेचा पगार यांसाठी करा. पैसे संस्थेच्या बँक खात्यावरच पाठवा, कोणा "दाइ"च्या वैयक्तिक खात्यावर नको, आणि पावती मागून घ्या. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याकडे आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही. देणगीदारांना हे आधीच सांगून टाका, नाहीतर मार्चमध्ये सगळ्यांचे फोन तुम्हाला येतील.